मागून चार बोटं उंच

कांबळेसाहेबांच्या शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं की त्यांची उंची हिमालयाएवढी होती. साहेब जेमतेम पाच फूट दोन इंच होते. ते स्वतः हजर असते तर वक्त्याला मध्येच थांबवून, खिशातला टेप काढून त्यांनी ही चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली असती. ते नसल्यामुळे वक्ता निर्धास्तपणे बोलत राहिला आणि लवकरच आकाशापर्यंत पोचला. माझ्या शेजारी साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच त्या हळूच म्हणाल्या, "माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागायचं ह्यांना."

शामराव कांबळे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. शाहूपुरीत दुकानांच्या मागे आमची गल्ली आहे, तिथे आमची घरं समोरासमोर. माणसांना नावाने हाक मारणं त्यांना कधी जमलं नाही. ते हुद्द्याने मारत. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, म्हणून शेवटपर्यंत मी 'ग्रंथपाल'. वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून चारचौघांत त्या 'सिस्टर'. पाहुण्यांसमोर ते "सिस्टर, चहा टाकता का?" असं म्हणाले की नवखा माणूस दचकून घरात कोण आजारी आहे ते बघायचा.

त्यांच्या खिशात टेप असे आणि गवंड्याकडे असते तशी एक छोटी लेव्हल: काचेची नळी, त्यात हिरवट पाणी, पाण्यात बुडबुडा. मिसळ खायला गेलो की ते आधी टेबलावर लेव्हल ठेवत, बुडबुडा कुठे जातो ते बघत, आणि टेबलाच्या योग्य त्या पायाखाली कागदाची घडी सारूनच बसत. माझ्या घरी आले की भिंतीवरची तसबीर आधी सरळ करत, मग बोलायला सुरुवात. पुढे पुढे ते येताना दिसले की मीच तसबीर थोडी वाकडी करून ठेवायचो. घरी आलेल्या माणसाचं काहीतरी आगतस्वागत करायला हवं.

"माप म्हणजे माप," हे त्यांचं बोलणं. निवृत्त झाल्यावरही मंडईतल्या बायका त्यांना बघून पारड्यात दोन भेंड्या जास्तीच्या टाकत. साहेब त्या दोन्ही उचलून परत ठेवत. "जास्त हेही चूकच, मावशी." मावशी कपाळावर हात मारायची. एकदा मी विचारलं की हा सोस तुम्हाला कुठून लागला, तर ते म्हणाले, "आमच्या लहानपणी काटा नेहमी दुसऱ्याच्या हातात असायचा, ग्रंथपाल."  मग माझा चष्मा डाव्या कानाकडे उतरलाय, तेवढं सांगितलं.

खात्याने त्यांना निरोप दिला त्या समारंभाला मी होतो. वरून एक मोठे अधिकारी आले होते. त्यांनी न्यायाच्या तराजूवर भाषण केलं, आणि त्या तराजूत त्यांनी बरंच काही घातलं. शेवटी शाल, नारळ आणि चांदीचा मुलामा दिलेला एक देखणा तराजू भेट देण्यात आला. साहेबांनी शाल घेतली, नारळ कानाशी हलवून बघितला आणि तराजू तर्जनीवर लटकवला. टाळ्या वाजल्या, थांबल्या, तरी ते तराजूकडेच बघत होते. उजवं पारडं खाली होतं. माइक समोर होता. "याच्यावर शिक्का मारता येणार नाही," असं म्हणून त्यांनी तो अधिकाऱ्यांच्या हातात परत दिला. फोटोत अधिकारी तराजू घेऊन अवघडून उभे आहेत आणि साहेब त्यांना काहीतरी समजावून सांगताहेत. बघणाऱ्याला वाटतं, सत्कार अधिकाऱ्यांचा आहे.

अशा माणसाकडे स्पोर्ट्‌स कार यावी हे गल्लीत कुणालाच पटलं नाही. ती आली पेठ वडगावहून. तिथले एक म्हातारे डॉक्टर साहेबांचे शाळासोबती. त्यांनी तरुणपणी हौसेने घेतलेली दोन सीटची, उघडी, लाल इंग्रजी गाडी कित्येक वर्षं गोठ्यात पडून होती. बनवणारी कंपनी आता इंग्लंडातही उरलेली नाही. "घेऊन जा शामराव," डॉक्टर म्हणाले, "कोंबड्या अंडी घालत्यात तिच्यात, आणि मला वाकून काढवत न्हाईत." साहेबांनी ती टेम्पोत घालून आणली आणि पुढची दोन-तीन वर्षं तिच्यात घालवली. गाडी सुरू झाली, पळू लागली, लालबुंद झाली. फक्त ती फार बुटकी होती. साहेब तिच्यात बसून चालले की गल्लीतली कुत्री त्यांच्याकडे बरोबरीच्या नात्याने बघत.

वहिनी सुरुवातीला तिच्यात दोनदाच बसल्या. दुसऱ्यांदा शाहूपुरीतल्याच एका कार्यालयात लग्न होतं. साहेबांनी गाडी थेट कमानीखाली नेऊन उभी केली, आणि वहिनींना उतरता येईना. आयुष्यभर वॉर्डात उभं राहून त्यांचे गुडघे गेलेले. सीट जमिनीपासून वीतभर. साहेबांनी हात दिला, पण ओढायला साहेब अपुरे पडले. शेवटी बँडवाल्यांपैकी दोघांनी वाद्यं खाली ठेवली आणि वहिनींना दोन्ही बाजूंनी धरून वर काढलं. तिसऱ्याने तेवढ्यात ढोल वाजवला. त्याला वाटलं, नवरदेवाकडचं कुणी महत्त्वाचं आलंय.

"त्या घमेल्यात मी पुन्हा बसायची न्हाय," वहिनींनी त्याच रात्री जाहीर केलं, आणि ते शिरोळच्या माहेरचं बोलणं होतं, म्हणजे त्यात बदल नाही. मी एकदा सीटवर जाड गादी घालायचं सुचवून बघितलं. "पयल्यांदा घातलीती की," वहिनी म्हणाल्या. "डोकं काचेच्या वर जातंय. रंकाळ्यापर्यंत जाऊस्तोवर पोटभर चिलटं झाली."

तेव्हापासून साहेब एकटेच गाडी चालवत. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी. समोर त्यांनी एक लेव्हल पक्की चिकटवली होती, आणि तिच्यातला बुडबुडा कायम डावीकडे, वहिनींच्या रिकाम्या सीटकडे सरकलेला. एकट्या माणसाच्या वजनाने उजवीकडचा मागचा पाटा दबत गेला होता. पाटा म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्या ठेवून केलेली स्प्रिंग. आधी डॉक्टर एकटे फिरले, मग साहेब.

इथे मला प्रमाणपत्राबद्दल सांगायला हवं. गावात दरवर्षी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं. पुण्याहून परीक्षक येतात, गाड्या तपासतात आणि जी गाडी मूळ मापांत असेल तिला तसा कागद देतात. साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्यांना प्रमाणपत्रं दिली होती; स्वतःच्या एका वस्तूला त्यांना ते हवं होतं. दिवाणखान्यात लेकीच्या पदवीच्या फोटोशेजारी त्यांनी लेव्हल लावून खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. पहिल्या वर्षी परीक्षकांनी गाडीच्या मागे उकिडवं बसून सांगितलं, "काका, उजवीकडे बसलीय. पाटे बदला, मग या." साहेब घरी आले आणि खिळ्याकडे न बघता जेवायला बसले.

पाटे बदलायचं काम दिलावर मिस्त्रीकडे गेलं. दिलावर मिस्त्री उद्यमनगरात उसाच्या ट्रॉल्यांचे पाटे करतो. नम्रपणा हा गुण त्याच्याकडे कधी फिरकलेला नाही. त्याने साहेबांच्या गाडीचे जुने पाटे हातात घेऊन असे बघितले, जसं पैलवानाने एखाद्या कारकुनाच्या दंडाकडे बघावं.

"साहेब, ह्यो पाटा हाय का पट्टी? मी असला बनवतो, वर अख्खा फड भरा, हालायचा न्हाय."

"आम्ही ऊस भरणार नाही, मिस्त्री. दोन माणसं बसणार."

"दोन कोण? वैनी तर बसत न्हाईत."

 साहेब टेप पुसू लागले.

नवे पाटे बसले. गाडी जॅकवरून खाली आली, आणि आम्ही तिघं मागे उभे राहून बघत राहिलो. उजवी बाजू आता डावीइतकीच होती, त्यात शंका नव्हती. पण गाडीचा मागचा भाग चांगला चार बोटं वर राहिला होता. पुढचं तोंड जमिनीकडे आणि पार्श्वभाग आभाळाकडे, अशी ती कुणाच्या तरी पाया पडत असल्यासारखी दिसत होती.

"रुबाब आला की," दिलावर म्हणाला.

त्या आठवड्यात गल्लीने साहेबांना सुखाने जगू दिलं नाही. सपाट रस्त्यावर गाडी उभी असताना येणारा-जाणारा विचारायचा, "साहेब, उताराला लावलीय का?" दूधवाला म्हणाला, बसूद्या जरा, म्हसरूबी उठताना मागनंच उठतंय.  साहेब रोज सकाळी चाकावरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप लावून बघत, आणि लेकराचा ताप उतरला नाही असं तोंड करून आत जात.

"पाटा नवा हाय, वजन टाका, बसंल," दिलावरने सल्ला दिला. कसलं वजन? साहेबांना विटा, वाळू, सिमेंट काहीच पसंत पडेना. त्यांच्या वजनाचा भरवसा काय? शेवटी वहिनींच्या भावाच्या गुऱ्हाळातून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आणले. गूळ एवढ्यासाठीच की तिथला काटा साहेबांनी स्वतः तपासलेला होता. मागच्या डिकीत रवे बसले, आणि एक भलामोठा रवा शेजारच्या सीटवर सुतळीने बांधला. गुळाला शेजारी बसवून साहेब संध्याकाळचे रंकाळ्याला चक्कर मारू लागले.

वहिनींनी दारातून बघितलं. "माझ्या जागी गूळ बसवला व्हय? बरं झालं. त्यो तरी गोड हाय."

गूळ असेपर्यंत गाडी अगदी मापात होती. साहेब खूश होते. मग मुंग्या आल्या. त्या धुराच्या नळकांड्यातून आल्या, दारातून आल्या, कोंबड्यांच्या काळापासून सीटमध्ये उरलेल्या पेंढ्यातून आल्या. साहेब रंकाळ्यावरून परतले ते एका हाताने गाडी चालवत आणि दुसऱ्याने मांडी खाजवत.

"मुंग्यांचं वजन धरलंय का, साहेब?" दिलावरने विचारलं.

गूळ उतरवला, आणि गाडी सावकाश वर आली. पुन्हा चार बोटं.

प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. साहेबांनी दोन दिवस गाडीखाली डोकं घालून काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले, आणि आश्चर्य म्हणजे तसबिरीला हात न लावता बसले.

"रबर," ते म्हणाले.

पाट्याच्या टोकांना रबराच्या बुशी असतात, म्हणजे बोल्ट ज्यांतून जातो त्या छोट्या नळ्या. दिलावरने बोल्ट आवळले तेव्हा गाडी जॅकवर होती, चाकं लोंबकळत होती. रबर त्याच अवस्थेत पकडलं गेलं, आणि गाडी खाली आली तरी ते पीळ खाऊन तिला वर उचलून धरत होतं. ट्रॉलीला रबर नसतं, म्हणून दिलावरला हे कधी नडलं नव्हतं. साहेब तर आवळताना शेजारीच उभे होते, आणि त्यांनाही सुचलं नव्हतं. त्यांना लागलं होतं ते हे.

"उपाय सोपा आहे," ते म्हणाले. "गाडी चाकांवर उभी ठेवायची. दोन्ही सीटवर माणसं बसवायची. मग बोल्ट सोडायचे, गाडी आपोआप बसते तिथे बसू द्यायची, आणि तशीच आवळायची. मूळ माप दोन माणसांचंच आहे."

"मी बसतो की."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचं वजन पुरणार नाही, ग्रंथपाल. आणि तुम्ही त्या सीटवरचे नाही."

रविवारी प्रदर्शन, आणि शुक्रवारी सकाळी दिलावर पान्हा घेऊन गल्लीत आला. पोतं अंथरून तो गाडीखाली सरकला. "बघा, उंच झाली म्हणून मावलो," हेही त्याने खालूनच ऐकवलं. वहिनींना राजी करायला साहेबांना आदल्या दिवशीची सगळी संध्याकाळ लागली होती. अट एवढीच, की त्या फक्त वजन म्हणून बसतील, कुठे जायचं नाही.

वहिनी आल्या. पदर खोचला, दार उघडलं, पाठमोऱ्या झाल्या, आणि दोन्ही हात आधीच पुढे धरून, पडायची तयारी ठेवून खाली वाकल्या. त्यांना वाटलं होतं त्याच्या आधीच सीट आली. त्या बसल्या. पाय आत घेतले. तोंडातून हूं की चूं निघालं नाही. स्वतःशीच चकित झाल्यासारख्या त्या दोन क्षण पुढे बघत राहिल्या.

"साहेब, तुमीबी बसा, म्हंजे सोडतो बोल्ट," गाडीखालून आवाज आला.

साहेब बसले नाहीत. "सिस्टर, उतरा पाहू."

"आत्ता तर बसले."

"उतरा."

वहिनींनी पाय बाहेर काढले, दाराच्या कडेला हात टेकला आणि उठल्या. एकट्या. बँडवाल्यांशिवाय.

"पुन्हा बसा."

"परेड हाय का काय ही?" पण त्या पुन्हा बसल्या, आणि न सांगता पुन्हा उठल्या. काचेकडेही त्यांनी बघून घेतलं; डोकं काचेच्या आड होतं. गादीने त्या एकट्याच वर गेल्या होत्या; आता मागून गाडीच उचलली गेली होती, काचेसकट.

साहेब टेप घेऊन घरात गेले. मला दारातून दिसत होतं: व्हरांड्यात वहिनींची एक वेताची खुर्ची आहे, ज्या एकाच खुर्चीतून त्या हात न मागता उठतात. साहेबांनी तिची उंची मोजली. बाहेर येऊन सीटची मोजली. "अजून कमीच आहे," ते पुटपुटले. मग गाडीच्या मागे जाऊन पत्र्याच्या कडेपर्यंतचं ते चार बोटांचं जास्तीचं माप त्यांनी पुन्हा एकदा घेतलं, जणू ते कमी झालं असलं तर बरं, नसलं तरी बरं.

"साहेब, सोडू का? पाठीला खडी टोचतीया."

साहेबांनी टेप सोडला. तो खटकन आत गेला.

"राहू दे, मिस्त्री."

"आँ?"

"बाहेर ये. चहा घे."

दिलावर बाहेर आला आणि आमच्या सगळ्यांची तोंडं बघत बसला. वहिनींनी चहा आणला तेव्हा त्याने त्यांनाही विचारलं, की साहेबांना झालंय काय. "मला काय ठावं," वहिनी म्हणाल्या. "मी वजन म्हणून आलेली." पण त्या दुपारी दोघांच्याही चपला दारात नव्हत्या आणि गाडीही नव्हती.

रविवारी मी प्रदर्शनाला गेलो. मैदानात चकचकीत गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीपुढे फेटा बांधलेला एक मालक. रांगेच्या टोकाला आमची लाल गाडी सगळ्यांच्या पाया पडत उभी. साहेबांनी फेटा बांधला नव्हता. वहिनी सीटवर बसून भडंग खात होत्या. पुण्याचे तेच परीक्षक आले, मागे उकिडवे बसले, टेप लावला आणि मान हलवत उठले.

"काका, या वेळी दोन्ही बाजू सारख्या आहेत. पण मागून उंच आहे. मूळ माप हे नाही."

"बरोबर," साहेब म्हणाले. "चुकलंय."

परीक्षकांना वाद अपेक्षित होता. रांगेतल्या प्रत्येक फेट्याने घातला होता. "मग प्रमाणपत्र देता येणार नाही," ते जरा अवघडून म्हणाले.

"देऊ नका. मीही दिलं नसतं."

वहिनींनी भडंगाची पुडी मिटली. "झालं का? चला, ऊन चढाय लागलं. पन्हाळ्याला पोचाय पायजे."

साहेब गाडीत बसले. मी वहिनींच्या बाजूने वाकून त्यांची पाण्याची बाटली आत दिली, तेव्हा माझी नजर समोरच्या लेव्हलवर गेली. साहेबही तिच्याकडेच बघत होते. बुडबुडा थोडा हलला, इकडे गेला, तिकडे गेला, आणि मधोमध थांबला. मग त्यांनी गाडी सुरू केली.

परीक्षक माझ्याजवळ आले. चांगला माणूस होता. त्याला वाईट वाटलं होतं. "रबराचा पीळ आहे हो, बाकी काही नाही. बोल्ट सोडून पुन्हा आवळले की बसेल. त्यांना कुणी सांगितलं नाही का?"

"त्यांना माहीत आहे," मी म्हणालो.

गाडी फाटकातून बाहेर पडली. पुढे पुष्कळ दिवस, साहेब असेपर्यंत, ती अशीच फिरली. दिवाणखान्यातल्या त्या खिळ्याला आज वहिनींची बाजाराची पिशवी असते. पण मला साहेब आठवतात ते त्या दिवशीचे, पाठमोरे. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलेली ती लाल गाडी, शेपूट वर करून तुरुतुरु निघालेल्या बदकासारखी. काचेच्या वर कुणाचंच डोकं नाही. मागून चार बोटं उंच, आणि डावी-उजवी तंतोतंत सारखी.